गोळाभात: भरडा की बेसन?

नवी_राळेगावकर
नमस्कार. मी मूळची सांगलीकडची असून शाळेतील नोकरीमुळे राळेगाव तालुक्यात राहते. येत्या रविवारी सहकारी शिक्षिका घरी जेवायला येणार आहेत आणि त्यांच्यासाठी इकडचाच, विदर्भातला गोळाभात (हरभऱ्याच्या डाळीचे गोळे घालून केलेला भात) करावा, असे मनात आहे. त्यासाठी मोबाईलवर बरेच व्हिडिओ पाहिले. परंतु जितके पाहावे तितका गोंधळ वाढतो. एकीने बारीक बेसनात खायचा सोडा घालून गोळे तळले आहेत, दुसरीने ते इडलीपात्रात वाफवून शेवटी भातावर नुसते मांडले आहेत, तर शेजारच्या काकू म्हणतात की भरड्याशिवाय, म्हणजे जाडसर दळलेल्या डाळीशिवाय, गोळाभात होतच नाही. भरडा आणि बेसन यांत नेमका फरक काय पडतो? गिरणी लांब असल्यास भरडा घरी करता येईल का? तांदूळ कोणता घ्यावा, हेही सांगावे.

आर्वीची_माय
ताई, तुमच्या काकूंचेच ऐका. बारीक बेसन पाणी लागताच चिकट होते, गोळा बाहेरून बंद होतो आणि आतपर्यंत वाफ पोहोचत नाही. मग तो मऊ व्हावा म्हणून सोडा घालावा लागतो. भरड्याचे कण रव्यासारखे जाड असल्यामुळे त्यांच्यामध्ये फट राहते, वाफ तिथून आत शिरते आणि शिजलेला गोळा बोटांनी दाबताच भुरभुरतो. हरभऱ्याची डाळ कोरड्या फडक्याने पुसून मिक्सरमध्ये थोडी थोडी घालावी आणि थांबून थांबून फिरवावी. सलग फिरवल्यास तिचे पीठच होईल. मूठभर तुरीची डाळ सोबत टाकली, तर चव अधिक खुलते.

एक वाटी भरड्याला तीन-चार चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालावे. येथे हात आखडता घेऊ नये, कारण गोळे कोरडे होतात ते बहुधा तेलाच्या कंजुषीमुळेच. तिखट, मीठ, हळद, जिरे आणि बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) घालून पाण्याचा नुसता हबका मारावा, मिश्रण पाव तास मुरू द्यावे आणि मग मुठीत घट्ट दाबून लिंबाएवढे गोळे वळावेत. दोन वाट्या तांदळाला नेहमीपेक्षा वाटीभर पाणी जास्त ठेवावे, कारण गोळेही पाणी ओढतात. भातावरचे पाणी आटून वर छिद्रे दिसू लागली की गोळे अलगद ठेवावेत, थोडा भात त्यांच्यावर ओढून गंजावर (पातेल्यावर) झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पाव तास वाफ धरू द्यावी. चूल असेल तर झाकणावर दोन निखारे ठेवा. त्याची सर गॅसला नाही.

धानपट्टा
तांदळाविषयी लिहितो. आमच्या नागभीड तालुक्यात यासाठी एचएमटी तांदूळ वापरतात. याच तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातील धानाच्या वेगळ्या लोंब्या निवडून हे वाण तयार केले आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला नाव पडले. दाणा बारीक असून भात मोकळा होतो, म्हणून गोळा कुस्करल्यावर तो प्रत्येक शिताला लागतो. बासमती मात्र आणू नका; त्याच्या वासापुढे हिंगाची फोडणी फिकी पडते. नवा तांदूळ असेल तर पाणी थोडे कमी ठेवावे.

काटोलकर
आर्वीच्या ताईंशी एका बाबतीत माझे जमत नाही. पाहुण्यांच्या घाईत नवख्या माणसाने गोळे वेगळे वाफवून घेतले, तर काही बिघडत नाही. भात आणि गोळे दोन्ही एकाच वेळी साधणे हे सवयीचे काम आहे.

आर्वीची_माय
काटोलकर भाऊ, बिघडत काही नाही, हे मान्य. पण भातात शिजताना गोळ्याचे मीठ-तिखट खालच्या भातात उतरते, ते मग कुठून येणार? कुकरची शिटी मात्र कोणीच लावू नये.

नवी_राळेगावकर
सर्वांचे आभार. भरडा आजच करून ठेवते. सोबत काय वाढावे आणि गोळे उरले तर त्यांचे काय करावे?

धानपट्टा
मोहरी, हिंग आणि सुक्या लाल मिरच्यांची गरम फोडणी वाटीभर तयार ठेवा आणि पानात गोळा कुस्करल्यावरच वरून घाला; गंजात आधी ओतल्यास भात तेलकट लागतो. सोबत चिंचेचे सार किंवा कढी हवीच, नाहीतर घास कोरडा पडतो. उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी कुस्करून कांद्यावर परतले की भाकरीबरोबर झकास लागतात. आमच्याकडे त्यासाठी दोन गोळे मुद्दाम जास्तीचे वळतात.