रबर माउंट : ताणात मूनी-रिव्हलिन जुळतं, दाबात बिघडतं

प्रश्न
नमस्कार मंडळी. इंजिन माउंटच्या (इंजिनाचे हादरे झेलणारा रबरी आधार) डिझाइनला आहे, दीड वर्ष झालं. रबर नॅचरल, कडकपणा शोअर ए ६०. दोन स्टील प्लेटांमध्ये चिकटवलेला गोल ठोकळा, व्यास ५० मिमी, उंची २५. लॅबने डंबेल (दोन टोकांना रुंद असा रबराचा नमुना) ओढून एकच कर्व्ह दिला, त्यावर मूनी-रिव्हलिन हे रबराचं गणिती मॉडेल बसवलं. १५० टक्क्यांपर्यंत रेषेवर रेष! त्याचे दोन स्थिरांक : सी-१० आलं ०.१२ आणि सी-०१ आलं ०.५१ एमपीए. पण ६ मिमी दाबल्यावर संगणकावरच्या अॅनालिसिसमध्ये ४.६ किलोन्यूटन येतात, प्रत्यक्ष चाचणीच्या रिगवर २.९. मेश (गणितासाठी ठोकळ्याचे पाडलेले तुकडे, म्हणजे एलिमेंट) तीनदा बारीक केला, फरक शून्य. त्याऐवजी ऑग्डेन मॉडेल वापरू का?

उत्तर १
मॅडम, ऑग्डेन नको. तीन पदांचं घेतलंत तर सहा स्थिरांक, आणि तुमच्याकडे कर्व्ह एकच. तो आणखी सुंदर बसेल आणि दाबात आणखी फसवेल.

तुमचे आकडेच बोलताहेत. सी-०१ हे सी-१० च्या चौपट आहे. एका दिशेच्या ताणात किंवा दाबात मूनी-रिव्हलिनमध्ये सी-०१ ला लांबीच्या गुणोत्तराने भागलं जातं. रबर दुप्पट ओढलं की त्याचा वाटा निम्मा होतो, निम्म्यावर दाबलं की तोच दुप्पट होतो. ओढताना कर्व्ह वाकतो तो पकडायला फिटिंगने सी-०१ फुगवलं, त्याचं बिल दाबात आलं. ही चूक मी भोसरीत असताना एका बुशवर केली होती. मोल्ड कापून झाल्यावर कळली, तो दिवस अजून आठवतो.

योह मॉडेल घ्या. त्यात दुसरा इनव्हेरियंट (विकृतीचं जे माप सी-०१ बरोबर येतं ते) नाहीच, म्हणून एकट्या ताणाच्या डेटावरही दाबात तो सहसा भलतीकडे जात नाही. त्याचा स्थिरांक सी-२० उणे आला तर घाबरू नका, ते नेहमीचंच. फक्त स्थिरता तपासा, म्हणजे विकृती वाढताना बल घसरत नाही ना ते.

आणि एक विचारतो : डंबेल पहिल्याच फेरीत तुटेपर्यंत ओढला होता का? कार्बन ब्लॅक (बारीक काजळी) भरलेलं रबर पहिल्या फेरीनंतर मऊ पडतं, हाच मुलिन्स परिणाम. रिगवरचे २.९ कितव्या फेरीतले?

उत्तर २
पॉयसन गुणोत्तरही (दाबल्यावर वस्तू बाजूला किती फुगते ते; ०.५ म्हणजे आकारमान अजिबात न बदलणारी) बघा. चिकटवलेल्या ठोकळ्यात रबराला बाजूला पळायला जागा कमी, त्यामुळे ०.४७५ आणि ०.४९९५ मध्ये फरक पडतो. एलिमेंट हायब्रिडच, म्हणजे आतला दाब वेगळा काढणारेच, हवेत.

प्रश्नकर्ती
सर, तुमचा अंदाज बरोबर. डंबेल पहिल्याच फेरीचा, रिगचा आकडा चौथ्या फेरीचा. एलिमेंट हायब्रिडच आहेत. दाबाची टेस्ट करायला नमुने कुठून आणू?

उत्तर १
कम्प्रेशन सेटसाठी (दाब काढल्यावर रबर किती चेपलेलं राहतं ती चाचणी) बटणं ढाळत असालच, २९ मिमी व्यास, १२.५ जाडी. त्यातलीच दोन घ्या. दोन्ही पृष्ठांना सिलिकॉन ऑइल लावा, नाहीतर बटण पिंपासारखं फुगतं आणि तुम्ही रबराऐवजी घर्षण मोजता. माउंटवर येतो तेवढाच दाब देऊन चार फेऱ्या करा, पाचवी नोंदवा. ताणाचा नमुनाही तसाच चार फेऱ्या ओढून घ्या. मग दोन्ही कर्व्ह एकत्र बसवा. संशोधक ट्रेलॉरने १९४४ मध्ये एकच रबर वेगवेगळ्या तऱ्हांनी ताणून मोजलं, तो डेटा आजही मॉडेल तपासायला काढतात तो याचसाठी.

प्रश्नकर्ती
आठवड्याने लिहितेय. दोन्ही कर्व्हवर योह, पॉयसन ०.४९९५ : ६ मिमीला ३.१ किलोन्यूटन. कर्तनाचा (शिअर) रिग रिकामा झाला की तिथलंही ताडून इथेच टाकते.