कोसळत्या पाण्यावरचा प्रकाश: कला की देखावा?

जलरेषा: ‘पाण्यावर प्रोजेक्टर रोखला की कला होत नाही, जत्रेतला देखावा होतो,’ हे परवाचे विधान वाचून गप्प बसवले नाही. स्वच्छ पाण्याच्या सलग पडद्यातून बराचसा प्रकाश आरपार जातो आणि चित्र उमटते ते थेंबांवर विखुरलेल्या प्रकाशामुळे. त्यामुळे तुषार किती बारीक ठेवायचे आणि प्रेक्षकाला कोठे उभे करायचे, यातच रचनाकाराचा कस लागतो. जर्मन कलाकार ज्युलियस पॉप यांच्या ‘बिट.फॉल’ या कलाकृतीत बातम्यांतले शब्द पडत्या थेंबांतून घडतात आणि वाचून होतात न होतात तोच विरतात.

तमोघ्न: ते विधान माझेच होते आणि तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ‘बिट.फॉल’मधील अक्षरे झडपांच्या उघडझापीतून घडतात, प्रोजेक्टरमधून नव्हे. कलाकार ऑलाफुर एलियासन यांनी १९९३ साली ‘ब्यूटी’ या कलाकृतीत बारीक तुषार आणि एक दिवा एवढ्यावर इंद्रधनुष्य उभे केले. २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन कला केंद्रात मांडलेल्या ‘रेन रूम’ या कृत्रिम पावसाच्या दालनात कॅमेरे माणसाचा माग काढतात आणि तो असेल तेथला पाऊस थांबतो; तिथेही चित्रफीत लागत नाही.

ओलावा: मुख्य अडचण मोबाइलची आहे. पाण्यावर चित्रफीत दाखवणाऱ्या एका दालनात मी दोन तास रांगेत उभी राहिले आणि आत मिळालेली दहा मिनिटे इतरांच्या छायाचित्रांतून बाजूला होण्यातच गेली.

तमोघ्न: छायाचित्रासाठीच रचलेल्या दालनात दुसरे काय होणार?

जलरेषा: हा आरोप अन्यायाचा आहे! माझ्या आईला आता जेमतेम उजेड-अंधार कळतो. अशा दालनात तिने धारेखाली हात धरला, आवाजाचा अंदाज घेतला आणि ‘आता निळे झाले का?’ असे विचारले. रंग खरोखरच बदलला होता. तिच्याजवळ मोबाइल नव्हता.

ओलावा: तरीही आत मोबाइल नेऊ देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. तुमच्या आईंना जे मिळाले, ते मला मिळू दिले गेले नाही.

तमोघ्न: आईंच्या अनुभवाचा मी अनादर करत नाही. आवाज आणि स्पर्श पाण्याचे होते, एवढे मात्र म्हणेन. उजेड बदलल्याचे त्यांना जाणवले, हे श्रेय प्रकाशाला द्यावे लागेल. पण त्याला एक दिवा पुरला असता. चित्रफितीची गरज मला अजून कोणी पटवून दिलेली नाही.