‘खांद्याला सोन्याचा भाव’ : काका, तुमच्या पोस्टला उत्तर (लांबलंय)

फ्रीमाँटची
काल एडिसनकाकांनी लिहिलं: "बेसबॉलचा पिचर (बॉल टाकणारा) डिलन सीस. २०२५ ला ८ विजय, १२ पराभव, ईआरए (दर नऊ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण मॅचला दिलेले रन) ४.५५. बक्षीस म्हणून टोरंटोच्या टीमने सात वर्षांचे २१० मिलियन डॉलर दिले. पाच दिवसांतून एकदा कामावर येणाऱ्या माणसाला! फ्री एजन्सीने (करार संपला की हवी ती टीम निवडायची मोकळीक) खेळाची माती केली. पूर्वी खेळाडू निष्ठेने एका टीमकडून खेळायचे. सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराला मर्यादा) आणा आणि हे लाड बंद करा." खाली अंगठेच अंगठे. रात्री पोळ्या करताना डोक्यात हेच चालू होतं, दोन करपल्या. त्याचाही राग यात धरा.

आधी ती निष्ठा. काका, तिला रिझर्व्ह क्लॉज म्हणायचे. करार संपला तरी टीम तुम्हाला पुढच्या वर्षाला आपोआप ठेवून घ्यायची, मग त्याच्या पुढच्या. सही करा नाहीतर घरी बसा. कर्ट फ्लड नावाचा खेळाडू बारा सीझन सेंट लुईसला खेळला आणि १९६९ च्या ऑक्टोबरात त्याला न विचारता फिलाडेल्फियाला धाडला. मी विकाऊ वस्तू नाही, असं त्याने बेसबॉलच्या कमिशनरला लिहिलं, कोर्टात गेला, १९७२ ला सुप्रीम कोर्टात ५-३ ने हरला. तोवर करिअरही संपलं होतं. दार उघडलं ते पिचरनीच. मेसरस्मिथ १९७५ चा अख्खा सीझन सही न करता खेळला. मॅकनॅली अर्ध्यावर घरी गेला, पण सही त्यानेही केली नाही. २३ डिसेंबरला लवाद पीटर साइट्झने सांगितलं की पुढचं एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, मग खेळाडू मोकळा. मालकांनी काय केलं? साइट्झला लगेच नारळ दिला.

आता सीस. ८-१२ बघून हसलात. २०२१ पासून पाच सीझन, एकाही वर्षी ३२ पेक्षा कमी स्टार्ट (पहिल्या बॉलपासून टाकलेल्या मॅच) नाहीत, दरवर्षी दोनशेच्या वर स्ट्राइकआउट (पिचरने एकट्याने काढलेले बळी). निम्म्या लीगची कोपरं शिवून घेतलेली असताना जो माणूस दर पाचव्या दिवशी हजर होतो, त्याच्या हजेरीचे पैसे आहेत ते. विजय-पराभव बघून पिचर जोखायचा असेल तर पॉल स्कीन्स त्याच वर्षी १०-१० (दहा विजय, दहा पराभव) होता. साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) एकमताने मिळालं. पगार पावणेनऊ लाख डॉलर! त्याच्या पिट्सबर्गच्या मालकाला तुम्ही लोभी म्हणालात का?

मी ओकलंडच्या टीमची. आमच्याकडून प्रत्येक जण गेला, त्यामुळे कॅप खरं तर मलाच हवी असायला पाहिजे. २६ सप्टेंबर २०२४ ला आमच्या कोलिझियम मैदानावरची शेवटची मॅच बघितली. ग्राउंड स्टाफमधल्या एकाने सोड्याच्या कपात मैदानाची माती दिली, ती देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. तर सांगायचं हे की आम्हाला सोडून गेलेल्या एकाही पिचरवर माझा राग नाही. टीम गावातून उचलून नेली ती मालकाने, पिचरनी नव्हे.

एडिसनकाका
पोळ्यांबद्दल दिलगीर आहे. बाकी कशाबद्दल नाही.

इतिहास मलाही येतो, १९९८ पासून अमेरिकेत आहे. गुलामगिरी वाईट होती म्हणून आज उधळपट्टी चांगली, हे कुठलं लॉजिक? आम्ही न्यूयॉर्क मेट्सवाले. दर १ जुलैला आमच्या कधीच्या निवृत्त बॉबी बोनियाला ११ लाख ९३ हजार डॉलर पाठवतो, २०३५ पर्यंत पाठवणार. (पिचर नव्हता, माहीत आहे. जखम तीच.) पिचर डीग्रॉम आमचा. टेक्सासने पाच वर्षांचे १८५ मिलियन दिले तेव्हा मी रडलो होतो. मग सहा स्टार्टमध्ये त्याचं कोपर गेलं आणि मी देवाचे आभार मानले. वाईट दिसतं, पण मानले.

आणि लॉस एंजेलिसचे डॉजर्स? २०२५ चा त्यांचा नुसता लक्झरी टॅक्स (पगाराची ठरलेली रेघ ओलांडल्याबद्दल) १६९ मिलियन. पगार नव्हे, दंड! अमेरिकन फुटबॉलला कॅप आहे, बास्केटबॉलला आहे. यांनाच काय सोनं लागलंय?

व्हर्जिनियावाला
आमच्या वॉशिंग्टनच्या पिचर स्ट्रासबर्गचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणजे सगळे सभ्य आहेत. मी घेतो. सात वर्षं, २४५ मिलियन. सही केल्यावर तो एकूण आठ मॅच खेळला. एक विजय. खांद्याजवळची नस दाबली जाते त्याचं ऑपरेशन, मग बरगडी, मग निवृत्ती.

पण त्याच मालकाने २०१५ ला पिचर शर्झरला सात वर्षांचे २१० दिले होते. दोन साय यंग आणि एक वर्ल्ड सिरीज (लीगची फायनल). बरोबर सीसचा आकडा. म्हणजे एकाच दुकानात एकदा पैठणी मिळाली आणि एकदा पहिल्या धुण्यात फाटली. आणि २०१९ च्या ऑक्टोबरात, प्लेऑफला (बाद फेरीला), स्ट्रासबर्ग ५-० होता, हे मी घरात बसून बघितलंय. ते २४५ मिलियन मला उशिरा आलेलं बिल वाटतात. बायकोला पटत नाही.

साताऱ्याचा_टोला
मला यातलं निम्मं कळलं नाही, पण इकडे पंतला २७ कोटी मिळाले तेव्हा आमच्या कट्ट्यावर हेच भांडण झालं होतं. लिलाव लिलावच असतो की.

बदलापूर_बोस्टन
नाही हो. पंतला लखनौ निवडायला कोणी सांगितलं होतं का? पाटी वर करतो तो मालक. खेळाडू फक्त अर्जात बेस प्राइस लिहितो आणि टीव्हीसमोर बसतो. परदेशी खेळाडूने विकलं गेल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेतली तर दोन वर्षं बंदी. फ्री एजंट उलटा: टीम दारात उभ्या, हा म्हणतो मला टोरंटो आवडतं, बायकोला थंडी चालते. आयपीएल म्हणजे फ्लडचं पत्र पोहोचलंच नाही असा देश.

साताऱ्याचा_टोला
पत्र पोस्टात अडकलं असेल. इकडे २७ कोटी घेऊन कोणी रडत नाही.

मक्कोव्हीचा_कोपरा
ताई, तुमचा पिचर झिटो खाडी ओलांडून आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला आला. सात वर्षं, १२६ मिलियन, डिसेंबर २००६. हिशोब: ६३ विजय, ८० पराभव. २०१० च्या प्लेऑफला त्याला टीमच्या यादीतही घेतलं नाही. साठ फुटांवरून बॉल टाकायचा तेव्हा शेजारच्या आजी म्हणायच्या, "याला बस पकडायची नाहीये वाटतं."

मग २०१२. सेंट लुईसला १-३ ने मागे, हरलो की घरी. झिटो उभा राहिला आणि पावणेआठ इनिंग एकही रन नाही. (सात पूर्णांक दोन तृतीयांश, कोणी दुरुस्त करायच्या आधी मीच करतो.) पुढे वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचमध्ये डेट्रॉइटचा पिचर व्हर्लँडर याला हरवलं. वर व्हर्लँडरलाच हिट मारून रन आणला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत रेडिओ ऐकत होतो, वर मीटिंग चालू होती. १२६ मिलियनला ते दोन दिवस महाग पडले का? हो. परत द्याल का? वेडे आहात का!

एडिसनकाका
हेच ते. एक ऑक्टोबर आठवतो आणि ऐंशी पराभव विसरतो.

आय१४०_वाला
मधेच बोलतो. ताईंचं वाचून अंगावर काटा आला, कारण हे बेसबॉल नाहीच. खेळाडू पहिली सहा वर्षं टीमच्या ताब्यात, मग मोकळा. एच-१बी वर्क व्हिसा पण सहाच वर्षांचा! फरक एवढाच की सीस सहा वर्षांनी सुटला. ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी तारीख (प्रायॉरिटी डेट) २०१४ ची आहे.

२०१६ ला दुसरीकडून तीस टक्के जास्तीची ऑफर होती. एचआरमधल्या बाई गोड बोलल्या: "जा ना, फक्त फाइल तिकडे पहिल्यापासून सुरू होईल." गेलो नाही. २०२३ ला त्याच कंपनीने सकाळी नऊच्या मेलवर काढलं. नवी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा, साठ दिवस मुदत. मुलीची तिसरी चालू होती, फ्रिजवर तिने काढलेला आमच्या घराचा पेन्सिलचा नकाशा होता. तेव्हा मला कोणी निष्ठेवर भाषण देऊ नये.

एडिसनकाका
आता बेसबॉलमध्ये व्हिसा आणला. आम्हीही आलो दोन सुटकेसा घेऊन, वायटूकेचं (सन २००० च्या कॉम्प्युटर-घोळाचं) काम चौदा-चौदा तास केलं, कुरकुर केली नाही. तुमच्या पिढीला सगळं लगेच हवं.

आय१४०_वाला
काका, एकच प्रश्न. ग्रीन कार्ड किती वर्षांत मिळालं?

एडिसनकाका
तीन. त्यात माझा काय दोष?

आय१४०_वाला
दोष नाही. फक्त "लगेच" हा शब्द जपून वापरा.

बदलापूर_बोस्टन
आई गं.

एच४_आई
तुमचं दोघांचं झालं असेल तर मी बोलू? मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलेली मी. २०१५ ला एच-४ वाल्यांना (एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांना) वर्क परमिट सुरू झालं, त्याआधी सहा वर्षं घरी. सगळे मिळून "डिपेंडंट" म्हणायचे, सासूबाईसुद्धा. आय१४०, तुम्हाला निदान ऑफर आली होती.

आय१४०_वाला
मान्य. सपशेल.

एडिसनकाका
अॅडमिन आहेत का जागे? धागा पिचरचा आहे. कोणाला रडायचं असेल त्याने वेगळा काढावा.

फ्रीमाँटची
काका, "रडायचं" हा शब्द मागे घ्या. डीग्रॉमसाठी कोण रडलं ते वरच लिहिलंय.

एडिसनकाका
मागे घेतो. पण विषयावर या.

एच४_आई
विषयावरच येत होते. माझा मुलगा चौदाचा, पिचर. लहान होता तेव्हा लिटल लीगची (पोरांच्या बेसबॉलची) मोजणी होती: नऊ-दहाच्या पोरांना दिवसाला ७५ पिच (टाकायचे बॉल), पुढे ८५. मीच क्लिकर घेऊन बाकावर बसायचे. पण वीकेंडला दुसऱ्या ट्रॅव्हल टीमकडून खेळवायचे आणि तिथली मोजणी इथल्या वहीत येत नाही. मागच्या महिन्यात दाराची कडी उघडताना "आई गं" म्हणाला. दार, बॉल नव्हे. एमआरआय झाला. कोपरातलं लिगामेंट पूर्ण तुटलेलं नाही, सहा महिने बंद. डॉक्टरांनी त्याच्या मनगटावर करंगळी आणि अंगठा जुळवायला लावला, मधली शीर (टेंडन) वर आली. "कधी गरज पडली तर ही काढून कोपरात घालता येते," म्हणाले. पिचर टॉमी जॉनचं कोपराचं ऑपरेशन पहिल्यांदा १९७४ ला झालं तेही अशाच शिरेने. चौदा वर्षांच्या पोराला स्पेअर पार्ट दाखवत होते.

मग मी रात्री बसून विचार केला, हा हात नेमका कधी सगळ्यात चांगला असतो? तेवीस-चोविसाव्या वर्षी. तेव्हा तो टीमच्या ताब्यात, मिनिमम पगारावर. बाजारात येतो तोवर तीस. काका, तुम्ही म्हणता म्हाताऱ्या हाताला एवढे पैसे कशाला. मग तरण्या हाताला द्या ना!

व्हर्जिनियावाला
+१. बाकी काही लिहायला उरलं नाही. पोराला लवकर आराम पडो.

मक्कोव्हीचा_कोपरा
कॅपबद्दल मात्र काकांना कोणी सरळ उत्तर दिलं नाही. मालकांनी कॅप मागितली आणि खेळाडू १२ ऑगस्ट १९९४ ला संपावर गेले, वर्ल्ड सिरीज झालीच नाही. माँट्रियलची टीम तेव्हा ७४-४० होती. दहा वर्षांनी ती टीमच माँट्रियलमध्ये राहिली नाही. हीच पुढे वॉशिंग्टनला जाऊन व्हर्जिनियावाल्यांची झाली. खेळाडू आणि मालकांमधला आताचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. कॅप मागणाऱ्यांनी उन्हाळ्यात मॅच बघून घ्या.

फ्रीमाँटची
आणि मालकांकडे कॅप नसताना त्यांनी काय केलं तेही सांगा. १९८६ च्या हिवाळ्यात जॅक मॉरिस, त्या दशकातला सगळ्यात जास्त विजयांचा पिचर, दारोदार फिरला. कोणीही बोली लावेना. परत डेट्रॉइटलाच गेला. नंतर सिद्ध झालं की सगळ्यांनी आपसांत ठरवलं होतं, २८० मिलियन भरपाई द्यावी लागली. मालकांना बाजार परवडतो, फक्त गिऱ्हाईक ते एकटे असले तर.

एडिसनकाका
बरं. रात्रीचे साडेबारा वाजले आणि हिने तीनदा हाक मारली, म्हणून लिहितो.

स्कीन्सचं मान्य. पावणेनऊ लाख ही थट्टा आहे. टीमच्या ताब्याची सहाची चार वर्षं करा, मी सही करतो. एच४_आई, मुलाला बॉल हातात देऊ नका, सहाचे आठ महिने झाले तरी चालतील. माझा नातू पण टाकतो, उद्या त्याच्या बापाला विचारतो किती टाकतो ते.

डॉजर्सचा पिचर यामामोटो, त्याचं मी मुद्दाम काढलं नाही. आदल्या रात्री सहा इनिंग टाकून दुसऱ्या दिवशी २०२५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये परत आला आणि जिंकून गेला, तेव्हा मी सोफ्यावरून उभा राहिलो होतो. १२ वर्षांचे ३२५ मिलियन. त्याबद्दल मला कोणी विचारू नका.

पण सीस नाही. ४.५५ म्हणजे ४.५५. २०२८ पर्यंत तिन्ही सीझन तीस-तीस स्टार्ट केल्या तर फ्रीमाँटला येऊन पोळ्या मी लाटेन.

फ्रीमाँटची
स्क्रीनशॉट काढला. पीठ तुम्ही आणायचं.

आय१४०_वाला
बोनियाचा शेवटचा चेक २०३५ ला ना? माझं कार्ड आधी येतं का बघतो. काका, पैज लावता?

एडिसनकाका
त्यावर नाही लावत.