'खरेदी करा' या दोन शब्दांवर किती भिस्त ठेवावी?

तळटीप :

शेअर दलालांच्या संशोधन विभागांचे अहवाल मी बरीच वर्षे नियमितपणे वाचत आलो आहे. मात्र पहिल्या पानावरची शिफारस आणि लक्ष्यभाव (समभाग पुढे ज्या किमतीला पोहोचेल असा विश्लेषकाचा अंदाज) या दोन गोष्टी मी जाणूनबुजून शेवटी पाहतो. स्वतःचा पैसा स्वतःच्या जबाबदारीवर गुंतवणाऱ्याने अहवालातील माहितीवर बऱ्यापैकी विश्वास ठेवावा, निष्कर्षावर मात्र ठेवू नये, असे माझे मत आहे.

पहिले कारण हितसंबंधांचे. ग्राहकाला नफा होवो वा तोटा, सौदा झाला की दलाली मिळते. विश्लेषक म्हणजे दलाल नव्हे, हे मान्य. परंतु ज्या संस्थेकडून त्याला पगार मिळतो, तीच संस्था अनेकदा कंपन्यांचे नवे समभाग बाजारात आणण्याचे काम करते, आणि ज्या कंपनीकडून असे काम मिळण्याची आशा आहे तिच्याविषयी 'विका' असे छापणे सहसा कोणाला परवडत नाही. हा नुसता संशय नाही. एनरॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला, आणि त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत बहुतेक विश्लेषकांची शिफारस खरेदीचीच होती. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतील दहा मोठ्या संस्थांनी संशोधनातील हितसंबंधांच्या आरोपांवरून नियामकांशी सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड केली. हेन्री ब्लॉजेट या नामांकित विश्लेषकावर, ज्या समभागांची जाहीर भलामण केली त्यांचीच खासगी ईमेलमध्ये टवाळी केल्याचा आरोप होता. ४० लाख डॉलर भरून त्यांना या व्यवसायातून कायमचे बाहेर पडावे लागले.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते प्रामाणिक विश्लेषकालाही लागू पडते. समजा, एखादी कंपनी पुढील वर्षी १०० एकक रोकड मिळवील, ती रोकड दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत राहील आणि आपल्याला ११ टक्के परतावा हवा आहे. नेहमीच्या सूत्राने (रोकड भागिले, अपेक्षित परतावा उणे वाढ) तिचे मूल्य १०० भागिले ०.०६, म्हणजे सुमारे १,६६७ येते. आता वाढ साडेपाच टक्के आणि अपेक्षित परतावा साडेदहा टक्के धरा. मूल्य थेट २,००० होते. दोन्ही आकड्यांत अर्ध्या टक्क्याचा फरक केला, तोही सहज समर्थन करता येईल असा, आणि मूल्य वीस टक्क्यांनी वाढले. ही गृहीतके अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत असतात. लक्ष्यभाव तेवढा पहिल्या पानावर, ठळक.

जुनी खतावणी :

मी सहा वर्षे एका संशोधन विभागात काम केले आहे, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजावे. धागाकर्त्यांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत. परंतु ती ज्या काळातील आहेत त्यानंतर त्याच तडजोडीने संशोधन आणि गुंतवणूक बँकिंग (नवे समभाग बाजारात आणण्यासारखी कामे) यांच्यात भिंत घातली, आणि हितसंबंध उघड करण्याचे बंधनही आले. भिंतीला फटी नाहीत असे मी म्हणणार नाही. तरीही 'निष्कर्ष नको, माहिती हवी' ही विभागणी मला पटत नाही. चाळीस कंपन्यांचे ताळेबंद शेजारी ठेवून पाहणाऱ्या माणसाने कोणती माहिती निवडली, हाच मुळात त्याचा निष्कर्ष असतो.

शिवाय पर्याय काय, हा प्रश्न उरतोच. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या अमेरिकी अभ्यासकांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६,४६५ कुटुंबांचे व्यवहार तपासले. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्या कुटुंबांना वार्षिक ११.४ टक्के परतावा मिळाला, बाजाराने १७.९ टक्के दिला. ही खाती सवलतीच्या दलालाकडची होती, म्हणजे सल्ला देणारे कोणी नव्हते. हे सौदे या मंडळींनी बहुतांशी स्वतःच्या बुद्धीने केले. विश्लेषकावर अविश्वास दाखवणारा गुंतवणूकदार सहसा स्वतःवर मात्र अमर्याद विश्वास ठेवतो, आणि तो अधिक महाग पडतो.

कोरा चेक :

आपण दोघेही अहवाल वाचावा हे गृहीत धरून बोलत आहात. मला तेच मान्य नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड काउल्स यांनी १९३३ मध्ये समभागांचा सल्ला देणाऱ्या सोळा वित्तीय सेवांच्या १९२८ ते १९३२ या काळातील सुमारे साडेसात हजार शिफारशी तपासल्या, तेव्हा त्या पाळणारा माणूस सरासरी बाजाराच्या वर्षाला सुमारे १.४ टक्के मागे राहिला असता, असे दिसले. बार्बर-ओडीन यांचा दाखलाही माझ्याच बाजूने बोलतो. नुकसान झाले ते वारंवार केलेल्या सौद्यांमुळे आणि त्यांच्या खर्चामुळे. आणि रोज सकाळी येणारी शिफारस सौदा करण्याची खाज वाढवण्यापलीकडे काय करते? निर्देशांकावर आधारित फंड घ्यावा आणि तो वेळ दुसऱ्या कामाला द्यावा.

तळटीप :

कोरा चेक, ज्यांना कंपन्यांचा अभ्यास करण्यात रस नाही त्यांना मीही हेच सांगेन. ज्यांना आहे, त्यांच्यासाठी मात्र एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. केंट वोमॅक यांच्या १९९६ च्या अभ्यासात खरेदीच्या नव्या शिफारशींनंतरची वाढ सुमारे २.४ टक्के आणि अल्पजीवी होती. विक्रीच्या नव्या शिफारशींनंतर मात्र सहा महिन्यांत सुमारे ९.१ टक्के घसरण झाली. ज्या शिफारशीने विश्लेषकाचे संबंध बिघडण्याचा धोका असतो, तिच्यातच अधिक सत्य असावे, हे तर्काला धरून आहे. म्हणून 'विका' दिसले की मी शेवटचे पान न पाहता पहिले पान वाचतो, आणि माझ्या मूळ नियमाला हा अपवाद आहे हे कबूल करतो. जुनी खतावणी यांचा निवडीविषयीचा मुद्दाही मी मान्य करतो. त्यावर माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की एकाच कंपनीवरचे दोन-तीन अहवाल शेजारी ठेवले की कोणी काय गाळले ते दिसते.

जुनी खतावणी :

ते दिसेल, पण अहवाल येणेच थांबले असेल तर? 'विका' हा शब्द छापण्याआधी आमच्याकडे दोन पायऱ्या असत. पहिली 'राखून ठेवा'. कंपनीच्या व्यवस्थापनाला याचा अर्थ नीट कळत असे आणि पुढच्या वेळी भेटीची वेळ मिळायला उशीर होई. दुसरी पायरी म्हणजे त्या कंपनीवर लिहिणेच बंद करणे, ज्याचे कारण म्हणून 'मनुष्यबळाची फेररचना' असे एक वाक्य टाकले जाई. माझ्या काळात मी तीन कंपन्यांवरचे लेखन असे बंद केले आणि त्यांपैकी दोन कंपन्यांचे ताळेबंद मला मुळीच पटले नव्हते. ग्राहकांपैकी एकानेही कारण विचारले नाही.

कोरा चेक :

त्या दोन कंपन्यांवरची शेवटची छापील शिफारस कोणती होती?

जुनी खतावणी :

एकीवर 'राखून ठेवा'. दुसरीवर 'खरेदी करा'.