राष्ट्रगीताला उभं राहिलं, पण म्हटलं नाही. मग?

दौत-टाक
परवा भाच्याच्या स्नेहसंमेलनात राष्ट्रगीत लागलं. शेजारचे गृहस्थ ताठ उभे, पण ‘उच्छल जलधि’पासून पुढे नुसते ओठ हलत होते. शब्द येत नसावेत. कुणी हटकलं नाही.

त्यावरून केरळची तीन भावंडं आठवली. बिजो, बिनू मोल आणि बिंदू. इयत्ता दहावी, नववी, पाचवी. पंथ ‘यहोवाचे साक्षीदार’, ख्रिस्ती. राष्ट्रगीताला रोज अदबीने उभी राहायची, म्हणायची नाहीत. स्तुतिगान फक्त देवाचं, ही त्यांची श्रद्धा. शब्दांबद्दल तक्रार नव्हती. त्यांच्या मोठ्या बहिणीही त्याच शाळेत तशाच उभ्या राहून शिकून गेल्या होत्या. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या ते नजरेला आलं, विधानसभेत प्रश्न झाला, चौकशी झाली. मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अवमान केलेला नाही, असा अहवाल आला. तरी शाळेतून काढलंच. केरळ उच्च न्यायालयातही हरली. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने परत शाळेत घ्यायला लावलं. माझ्या मते निकाल चोख होता. तुम्हाला काय वाटतं?

फळा-खडू
अजिबात पटत नाही. तीस वर्षं परिपाठ घेतलाय. आमच्याकडे मराठी, उर्दू, तेलुगू, वडारी बोलणाऱ्या घरांतली पोरं. दिवसभरात सगळी मिळून एका सुरात काही करतात ती तेवढी ५२ सेकंदं. त्यातून एकाला श्रद्धेच्या नावावर सूट दिली की उद्या दुसरा सूर्यनमस्कार नको म्हणणार, तिसरा अमक्याच्या शेजारी डबा खायला बसणार नाही. तेही श्रद्धेच्याच नावावर! शाळा कुठवर पुरी पडणार?

कलम-कसाई
गुरुजी, डबा वेगळा. तिथे दुसऱ्या पोराचा अपमान होतो, आणि अस्पृश्यता तर राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने बंदच आहे. गप्प उभं राहिल्याने कुणाचं काय गेलं? १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेचा कायदा काढून बघा. मुद्दाम गाणं रोखणं किंवा गाणाऱ्यांत व्यत्यय आणणं हा गुन्हा आहे. न गाणं हा नाही. हा निकाल लिहिणाऱ्या न्या. चिन्नप्पा रेड्डींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: गायलाच हवं असं सांगणारा कायदा दाखवा. शिक्षण खात्याची परिपत्रकं होती, पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे.

आपल्याकडचंही सांगतो. नाशिकच्या एका बौद्ध शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

उंटावरची
सगळे मोठ्यांचंच बोलताय. पाचवीतल्या मुलीची कसली आलीय सद्सद्विवेकबुद्धी? ती आईबापांची. हाच पंथ रक्त चढवून घेत नाही. उद्या ती मुलगी अपघातात सापडली तर तिथेही ‘श्रद्धा’ म्हणून सोडायचं?

दौत-टाक
नाही सोडायचं. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या घटनेच्या २५ व्या कलमातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची अट आहे. पण पाचवीतली मुलगी जे गाते, त्यातलंही तिचं स्वतःचं किती असतं? सुटीचा दिवस सोडला तर मी शाळेत प्रार्थना रोज म्हटली. अर्थ कळला कॉलेजात.

सातासमुद्रापार
अमेरिकेत हाच वाद ध्वजवंदनावरून झाला, याच पंथाच्या मुलांवरून. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळांची बाजू घेतली. निकाल लिहिणारे न्या. फ्रँकफर्टर स्वतः ज्यू, लहानपणी ऑस्ट्रियातून आलेले. त्यांचा मुद्दा आपल्या गुरुजींचाच होता, राष्ट्रीय एकता. पाठोपाठ गावोगाव या पंथाच्या लोकांना मारहाण झाली, मेन राज्यात त्यांचं सभागृह जाळलं. तीनच वर्षांत, ऐन महायुद्धात, १४ जून १९४३ ला न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपलाच निकाल फिरवला. न फिरवणाऱ्या तिघांत फ्रँकफर्टर होतेच! त्या माणसाला मी खलनायक ठरवू शकत नाही. आपल्याला सामावून घेणाऱ्या देशावर जीव होता त्याचा.

कलम-कसाई
जीव होता हो. मार मात्र दुसऱ्यांनी खाल्ला.

फळा-खडू
मारहाणीचं समर्थन मी करत नाही, ते माझ्या तोंडी घालू नका. आणि त्या पोरांना शाळेतून काढायला नको होतं, हेही मान्य. शाळेबाहेर काढून कुणाला देशप्रेम शिकवता येत नाही. पण अडतंय कुठे ते सांगतो. माझ्या वर्गात एक तोतरा मुलगा होता. राष्ट्रगीताला कधी तोंड उघडायचा नाही, मीही कधी टोकलं नाही. त्याला येत नव्हतं. ही मुलं ‘म्हणणार नाही’ म्हणतात. हा फरक तुम्हाला क्षुल्लक वाटतो, मला नाही वाटत.

उंटावरची
गुरुजी, तो म्हणू शकत नव्हता, असं त्यानेच सांगितलं होतं का तुम्हाला?

फळा-खडू
नाही. मी धरून चाललो.