मदत हवी आहे : 1907 पॅटर्नच्या संगिनीचा गंज, खुणा न पुसता कसा काढावा?

अचलपूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलची संगीन (नळीच्या टोकाला बसवायचं पातं) सापडली. पातं 17 इंचांचं. मुठीजवळ एका बाजूला मुकुट, जीआर (राजा जॉर्जची आद्याक्षरं), 1907 (नमुन्याचं साल) आणि विल्किन्सन हे बनवणाऱ्याचं नाव, दुसऱ्या बाजूला बाण (ब्रिटिश सरकारी मालाची खूण) आणि पातं वाकवून तपासल्याची फुली. या खुणा अजून स्वच्छ वाचता येतात, आणि माझा जीव त्यांच्यातच अडकलाय.

म्यान चामड्याचं, टोकाला लोखंडी टोपी. चामडं वाळून कडक झालंय, शिवण एका जागी उसवली आहे. चामड्यात ओल धरते म्हणून पातं म्यानाबाहेर, सुती कापडात ठेवलंय. आतापर्यंत कोरड्या फडक्यानं पुसून शिलाई मशीनचं तेल लावलं, बस. वरची धूळ गेली, पण मधल्या खाचेत तांबूस गंजाचे ठिपके तसेच आहेत. गावातल्या लोहारानं पॉलिश पेपर मारून देतो म्हटलं, मी नको म्हटलं.

विकायची नाही, धार लावायची नाही. परवान्याचं विचारणार असाल तर ठाण्यात नेऊन दाखवली, अर्जाची पोच घेतली आहे.

शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरचं, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल (लोखंडी तारांचा कापूस) तेलात भिजवून घासलं तर मूळ रंग उतरेल का? मुठीच्या लाकडाला पूर्वी जवसाचं तेलच लावत. इथे घाण्याचं कच्चं मिळतं, ते चालेल की उकळलेलंच हवं? आणि पावसाळा लागायच्या आत म्यानाच्या चामड्याला नेमकं काय लावू?