भाड्याच्या जुन्या फ्लॅटवर पैसे लावावेत का? लावले तर कुठे?

मालती_कर्वेनगर

आमची इमारत १९९०च्या सुमाराची. तीन मजले, लिफ्ट नाही, सगळे वन बीएचके. निम्मे मालक स्वतः राहत नाहीत. हल्ली ज्याचा भाडेकरू जातो तो पाच लाख घालून फ्लॅट नवा करून घेतो. पीओपीचं छत, प्रोफाइल लाइट, टीव्हीमागे पॅनेल, ओट्याखाली ट्रॉल्या. फोटो सुरेख येतात.

माझं म्हणणं असं: छोट्या घरमालकाने भाड्याच्या घरावर पैसे जरूर लावावेत, पण आधी भिंतीच्या आत. नळ, वायरिंग, वॉटरप्रूफिंग. उरले तर रंग.

मी भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं बाथरूम फोडलं तेव्हा प्लंबरने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा तुकडा कापून माझ्या हातात दिला. अर्धा इंची पाइप, पण आत गंजाचे थर चढून पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं. प्रेशर नाही म्हणून भाडेकरू तक्रार करत होते आणि आम्ही सगळे गच्चीवरच्या टाकीला दोष देत होतो. नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्याभोवतीचं सिमेंट तर बोटाने निघत होतं. ओल खालच्या छताला पोचायला फार दिवस लागले नसते.

सगळे पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे, केले. जुना कोबा काढून वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, नहाणीला बोळा लावून पाणी तुंबवून ठेवलं, खालच्या काकांना छत बघायला सांगितलं आणि ते कोरडं राहिल्यावरच टाइल बसवू दिल्या. मिस्त्री कुरकुरला. पण ही चाचणी टाइल बसल्यावर करून काही उपयोग नसतो. वायरिंग बदलताना गिझरला वेगळी ४ चौरस मिमीची वायर घेतली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. भाड्याच्या घरातही लहान मुलं असतात, ओल्या हाताने बटणं दाबली जातात. मोझॅकची फरशी आणि कडाप्प्याचा ओटा दोन्ही शाबूत होते, नुसतं पॉलिश केलं.

भाडेकरू टिकला तर घरमालकाला पैसा सुटतो. आणि तो छतावरच्या लाइटमुळे टिकत नाही.

हिशेबी

कळकळ पोचली, पण मुळात यात पैसेच घालू नयेत असं माझं मत आहे. ६५ लाखांचा जुना फ्लॅट धरा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के (बाईच्या नावावर ६), वर नोंदणीचे ३०,०००. म्हणजे जवळपास पाच लाख. दुरुस्तीचे पाच. झाले ७५. भाडं १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,०००. त्यातून मेंटेनन्स २४,००० आणि घरपट्टी ८,००० वजा करा. भाड्याने दिलं की स्वतः राहणाऱ्याला घरपट्टीत मिळणारी ४० टक्के सवलत जाते. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा आणि एक महिन्याचं भाडं एजंटाला, ते ३६,०००. हाती १,४८,०००. दोन टक्केसुद्धा पडत नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २०२३ पासून ८.२ टक्के देते आहे, आणि तिचा नळ गळत नाही.

मालती_कर्वेनगर

फ्लॅट विकत घ्यायचा की नाही हा वेगळा प्रश्न. माझा प्रश्न ज्यांच्याकडे तो आहेच त्यांचा आहे: सासऱ्यांनी घेतलेला, आईकडून आलेला. त्यांनी दुरुस्ती कशावर करावी?

तुमच्याच आकड्यांवर बोलते. ते ३६,००० भाडेकरू दरवर्षी गेला तर. तीन वर्षं राहिला तर वर्षाला १२,००० पडतात, म्हणजे २४,००० वाचले. शिवाय भाडं दीड हजाराने वाढलं, त्याचे १८,०००. आणि पाच लाख हा दिखाऊ कामाचा आकडा आहे. आतलं काम अडीचात झालं.

साइटवरचा

मी हीच कामं घेतो, म्हणून स्पष्ट सांगतो. आतल्या कामासाठी दीड हजार जास्त कोणी देत नाही. लोक आधी मोबाइलवर फोटो बघतात, मग पाच मिनिटांत फ्लॅट बघून जातात. भिंतीतला पाइप कोणाला दिसत नाही. ट्रॉल्या आणि चांगला रंग असलेला फ्लॅट आठवड्यात जातो, शेजारचा मोझॅकवाला महिना-दीड महिना रिकामा. रिकाम्या महिन्याचे पैसे कोण देणार?

ताईंचं वॉटरप्रूफिंग बरोबरच आहे. पण त्यापायी दर्शनी कामाला कात्री लावणं चूक आहे.

भाडेकरू_वारजे

ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याची बाजू ऐका. फोटो बघून घर घेतो हे खरं. पण सोडतो कशामुळे? सकाळी साडेसातला नळाला करंगळीएवढी धार, ऑफिसला जायची घाई, मुलाची शाळेची बस. मालकाला फोन केला की "प्लंबर पाठवतो". तो येतो, वॉशर बदलून जातो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जातं. आणि ज्या भिंतीला रंग लावायचा तिचा पोपडा बाथरूमच्या ओलीने उडालेला असतो! ती ओल आम्ही आणली का?

मालतीताईंशी पूर्ण सहमत. फक्त दीड हजार वाढवू नका. नळाला पाणी येणं हे घराचं किमान लक्षण आहे.

मालती_कर्वेनगर

वारजे, पटलं. ते १८,००० हिशेबातून काढा. अडीच लाखांचं काम पंधरा वर्षं टिकतं असं धरलं तर वर्षाला साधारण १७,०००, वाचतात २४,०००. तरीही तोटा नाही. आणि यात खालच्या घराचं छत धरलेलंच नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंची आतली गळती ज्या फ्लॅटची, खर्च त्याचा. खालच्यांचं पीओपी एकदा फुगलं की पैशांबरोबर संबंधही जातात.

सावध_मालक

तुम्ही भाडेकरू टिकवायला निघालात हेच मला धोक्याचं वाटतं. अकरा महिने झाले की बदलायचा, नाहीतर जागा त्याची होते. आमच्या वडिलांनी हे भोगलंय.

ठाणे_वकिली

वडिलांचा अनुभव खरा असणार, पण तो जुन्या कायद्याखालच्या भाडेकरूचा असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर) राहणाऱ्याने मुदत संपली की जागा सोडायची असते. नाही सोडली तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार एकदम ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो, अकरा महिन्यांचं बंधन नाही.

धोका आहे तो नोंदणी न करण्यात. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. दुरुस्ती कोणाकडे काय, तेही त्याच करारात लिहा. बल्ब, वॉशर राहणाऱ्याने. पाइप, वायरिंग, गळती मालकाने.

कोथरूड_सभासद

सगळे एक गोष्ट विसरताय. ३५ वर्षांची, लिफ्ट नसलेली इमारत पुनर्विकासाला जाणार. आमच्या गल्लीत पाडकामाचे पत्रे लागलेत. तुमचं सीपीव्हीसी आणि वॉटरप्रूफिंग सगळं राडारोड्यात. अशा फ्लॅटवर रंगाच्या एका हाताशिवाय एक रुपया घालू नये.

मालती_कर्वेनगर

विकसकाशी करारावर सह्या झाल्या असतील तर तुमचं बरोबर. पण आमच्याकडे चर्चा कधीची चालू आहे. सभा होतात, कोणी जास्त जागा मागतं, कोणी पार्किंगवर अडतं, आणि फाइल तिथेच. तोवर त्या बाथरूममध्ये कोणीतरी रोज अंघोळ करणारच ना? "पाडणारच आहेत" म्हणून जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरवर गिझर चालवू देणं मला मान्य नाही. हा प्रश्न पैशांच्या आधीचा आहे.

हिशेबी

अडीच लाखांचं गणित मान्य, पण दोन गोष्टी राहिल्या. टिकलेल्या भाडेकरूचं भाडं वर्षाला पाच टक्के वाढवतात, बाजार त्याहून पुढे गेला तर तो फरक तुमच्या खिशातून जातो. दुसरं, प्राप्तिकर. घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही अडीच लाख घाला नाहीतर खिळाही ठोकू नका. दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर त्याचं व्याज मात्र वेगळं वजा होतं. विकताना सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण बिलं दाखवता आली तर. मिस्त्रीला रोख देऊन वहीत मांडलेला हिशेब तिथे चालणं कठीण.

न्यू_जर्सीहून

परदेशातल्या मालकांसाठी भर. देशात राहणाऱ्या मालकाचं भाडं महिना ५०,०००च्या वर गेलं तरच भाडेकरूला टीडीएस (भाड्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. मालक अनिवासी असेल तर अशी मर्यादा नाही, आणि दर सेससह ३१.२ टक्क्यांपासून. बरेच भाडेकरू हे ऐकूनच मागे फिरतात. आणि पाणी तुंबवलेलं बाथरूम बघायला इथून कोण येणार? मी तरी हिशेबींच्या बाजूने. विकायला काढलाय.

साइटवरचा

मालतीताई, एक विचारतो. तुमच्या इमारतीत टाकीपासून खाली येणारे उभे पाइप कोणाचे, सोसायटीचे की प्रत्येकाचे? ते जुने जीआयच असतील तर आतले बदलून प्रेशर किती दिवस राहील?

मालती_कर्वेनगर

सोसायटीचे, आणि जीआयच. तुमचा मुद्दा बिनतोड आहे. फ्लॅटपुरतं काम पुरत नाही. येत्या वार्षिक सभेत उभ्या पाइपांचा ठराव मांडते आहे, आणि विरोध कोण करणार हेही माहीत आहे: ज्यांनी नुकतेच पीओपीला पाच लाख घातलेत ते. तुम्ही कोटेशन द्याल का? तीन मजले, दोन डक्ट, गच्चीपासून खालपर्यंत.